वझ्यातलं पुस्तक

स्वयंपाकाची पुस्तकं मी पोट भरल्यावर वाचतो. रविवारी हुमण-भात, म्हणजे माशांची आमटी आणि भात, जेवायचा, सोप्यावर आडवं व्हायचं आणि छातीवर पुस्तक उघडून कांदा गुलाबी होईपर्यंत परतत राहायचं. कांदा गुलाबी झाला की मला झोप लागते. आजवर एकाही पाककृतीच्या शेवटच्या ओळीपर्यंत मी जागा राहिलेलो नाही. स्वतः मी चहा करतो, अंडं उकडतो. एकदा बायको माहेरी गेलेली असताना आमटी केली होती. ती शेजारच्या कुत्र्यापुढे ठेवली तर तो माझ्याकडे बघत बघत उलटा चालत गेला.

तर असा मी माणूस, सणासुदीला नातेवाइकांना स्वयंपाकाची पुस्तकं भेट देतो. काजूगर सगळेच देतात. कोरगावात काजूगर भेट देणं म्हणजे समुद्राकाठच्या माणसाला वाळू देणं. पुस्तक कसं, हटके वाटतं. माझ्या मेहुणीने मी दिलेलं पुस्तक तिच्या न लागणाऱ्या जनेलाखाली घडी करून सरकवलंय. जनेल म्हणजे आमच्याकडची खिडकी, आणि ती आता वाजत नाही, म्हणजे पुस्तक उपयोगी पडलं. एका भावजयीने तिला दिलेलं पुस्तक पुढच्या दिवाळीला माझ्याच बायकोला भेट दिलं. वरचा रंगीत कागदसुद्धा तोच होता.

"जेवण करणाऱ्या बायलेक जेवणाचा पुस्तक देणा म्हणजे सुताराक खिळो कसो मारूचो ता सांगणा," बायको म्हणते. ती पेडण्याची. तिचं म्हणणं तिथल्या तिथे खरं असतं, आणि मला ते चार-सहा महिन्यांनी पटतं.

गेल्या मे महिन्यात आमच्या मुलीचं लग्न झालं. दिली डिचोली तालुक्यात, नार्व्याला. जावई सरळ आहे, व्याही निवृत्त आहेत, नदीकाठाला थोडी शेती आहे. आणि विहीणबाई आहेत. आमच्या विहीणबाई म्हणजे नार्व्यातलं चालतंबोलतं स्वयंपाकघर. कुणाचं लग्न असो, मुंज असो, देवळात जेवणावळ असो, खतखतं करायचं म्हटलं की त्यांना बोलावणं येतं. भाज्या, तूरडाळ, खोबऱ्याचं वाटण आणि तेफळं, म्हणजे तिरफळं, घातलेला हा पदार्थ गोव्यात घरोघरी होतो, पण त्यांच्या हातचं खाल्ल्यावर आपल्या घरचं खायचं धाडस होत नाही. बायकोपुढे हे वाक्य मी एकदाच उच्चारलं आहे.

लग्नानंतर मुलीला सासरी कसला त्रास असेल तर हा, की कसलाच त्रास नव्हता. डिचोलीत तिची नोकरी. संध्याकाळी घरी आली की विहीणबाई तिच्या हातात चहाचा कप देत आणि म्हणत, "बस गो बाये, पांयांर पांय घेऊन." सकाळी डबा तयार. रविवारी ती स्वयंपाकघराच्या दाराशी गेली तर, "तूं कित्याक? बाहेर वारो घे." कांदा चिरायला घेतला तर कांदा काढून घेतला जाई. कढी ढवळायला गेली तर चमचा, म्हणजे त्यांच्या भाषेतली कुलेर, हळूच हातातून निसटे.

"बाबा, चार महिने झाले," ती फोनवर म्हणाली. "अजून पाव्हणी आहे मी ह्या घरात. पाव्हणीला कसं ताजं ताट देतात, तसं मला देतात. चवथीला सगळा वाडा जेवायला असतो. त्या दिवशी एक तरी पदार्थ माझ्या हातचा पानात पडला नाही ना, तर जन्मभर पायांवर पाय घेऊन बसणार मी. लिहून ठेव."

"मी काहीतरी करतो," मी म्हणालो.

"तू काही करू नकोस, बाबा. प्लीज."

मुलीचा माझ्यावर विश्वास आहे तो असा.

आता आमच्याकडची चवथ म्हणजे काय ते थोडं सांगायला हवं. गणपती. पण लग्नानंतरची पहिली चवथ असली की मुलीच्या माहेरून तिच्या सासरी वझं जातं. करंज्या, ज्यांना आम्ही नेवऱ्या म्हणतो, लाडू, नारळ, फळं, साडी, सगळं टोपल्यांत भरून. त्या टोपल्या सासरच्या घरी उघडतात तेव्हा वाड्यातल्या बायका बघायला जमतात. नुसत्या जमत नाहीत, तपासतात. नेवरी उचलून कानाशी हलवतात, आत सारण खुळखुळतं का बघतात. आणि मग ते सगळं घरोघरी वाटायचं असतं. वझ्यातलं घरात ठेवून घेतलं तर सासरचं नाव जातं. वझं हा शब्द मुळात ओझं ह्या अर्थाचाच. मुलीच्या बापाला ते आयुष्यभर पुरतं.

बायको आठ दिवस नेवऱ्या तळत होती आणि मला स्वयंपाकघरात येऊ देत नव्हती, त्यामुळे मुलीचं दुःख मला आतून कळत होतं. अशा वेळी माझ्या डोक्यात विचार आला, की वझ्यात एक पुस्तक घालावं. मुलगी ते बघेल, तिला धीर येईल, चवथीला त्यातलं काहीतरी करेल. बायकोला सांगायचं नाही. अचानक बघून दोघीही चकित होतील. चकित होण्याबाबतचा माझा अंदाज पुढे शंभर टक्के खरा ठरला.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेलो. बाजाराच्या एका कडेला एक जुनं मराठी पुस्तकांचं दुकान आहे. दुकानदार काउंटरमागे बसून पंख्याची हवा एकटाच खात असतो.

"कुणाला द्यायचं?" त्याने विचारलं.

"मुलीला."

"लग्न झालं?"

"मे महिन्यात."

"मग उशीर झाला," तो म्हणाला, आणि तरीही उठला.

पहिलं पुस्तक त्याने काढलं त्यात प्रत्येक पदार्थाखाली किती उष्मांक ते दिलं होतं. वाचून लाडवाकडे मान वर करून बघायची लाज वाटावी. ते परत दिलं. दुसऱ्याच्या मुखपृष्ठावर एक बाई भरजरी साडी नेसून कढईत झारा घालून उभी होती. कढईतून वाफ निघत होती आणि बाईच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. अशा बाईवर मी विश्वास ठेवत नाही. तिसरं इंग्रजीत, जाडजूड, गुळगुळीत, 'गोव्याची चव' अशा अर्थाचं काहीतरी नाव असलेलं. पर्यटक नेतात ते. ते मी चाळलं. कोळंबी, डुकराचं मांस, व्हिनेगर, पुन्हा कोळंबी. आम्ही सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवणारे गोंयकार शेवटच्या दोन पानांत, पापडाच्या शेजारी.

चौथं पुस्तक मात्र मला फार आवडलं. नुसत्या माशांचं, आमच्या भाषेत नुस्त्याचं, होतं. बांगड्याचा फोटो असा की मी पानाचा वास घेतला.

"हे घ्या," दुकानदार म्हणाला.

"चवथीच्या वझ्यात घालायचंय."

तो थांबला. "वझ्यात नुस्तें?"

"नुस्तें नाही, फोटो आहे."

"फोटो असला तरी बांगड्याचो," तो म्हणाला. "गणपतीच्या घरात जाणार ना?"

"पुस्तक मिटलेलंच ठेवतील."

"मिटलेल्या डब्यात नुस्तें नेलं तर चालेल तुम्हाला?"

ह्या प्रश्नावर आम्ही बराच वेळ घालवला. मध्ये एक गिऱ्हाईक वही घ्यायला आलं, तेही त्यात पडलं. त्याचं मत पडलं की रंगीत फोटो चालणार नाही, काळापांढरा असता तर बघता आलं असतं. शेवटी बांगडा परत कपाटात गेला.

मग मी जे घेतलं ते घाटावरच्या कुणी छापलेलं, पूर्ण शाकाहारी, जाड, धाग्याने शिवलेलं पुस्तक होतं. मुखपृष्ठावर लाल पट्टीत मोठ्या अक्षरांत होतं: 'स्वयंपाकघरात पहिल्यांदाच पाऊल ठेवणाऱ्यांसाठी.' मला वाटलं, ह्याहून नेमकं काय मिळणार? आमच्या मुलीला त्या स्वयंपाकघरात पहिल्यांदाच तर पाऊल ठेवायचं होतं.

आत काहीतरी लिहायला हवं. 'तुझा बाबा' असं लिहायला पेन टेकवलं, तर वाटलं, हे कुणीही बाप लिहील. माझ्यातला लेखक असा नको तिथे जागा होतो. मी वळणदार अक्षरात लिहिलं: 'अजून वेळ गेलेली नाही. मन लावून शीक. चुकलीस तरी घाबरू नकोस. — तुझा हितचिंतक.' वर नाव घातलं नाही. बापाचं अक्षर मुलीला ओळखू येतंच.

बायको गाडीत टोपल्या ठेवत असताना मी पुस्तक नारळांखाली सरकवलं.

म्हापसा, अस्नोडा, डिचोली करत नार्व्याला पोचलो तर वाड्यातल्या बायका ओसरीवर आधीच बसलेल्या. व्याही सदरा घालून खुर्चीत. मुलगी दारात, नव्या साडीत, हात रिकामे. विहीणबाईंनी आम्हाला पाणी दिलं, आणि पदर खोचून टोपल्यांपुढे बसल्या. नेवऱ्या निघाल्या. एका म्हातारीने एक कानाशी हलवली आणि मान डोलावली. बायकोने श्वास सोडला. लाडू निघाले, साडी निघाली, तिचा काठ उलटा करून बघितला गेला. नारळ निघाले. नारळांखालून पुस्तक निघालं.

"हें कितें?" विहीणबाई म्हणाल्या. चष्मा आत राहिला होता म्हणून त्यांनी ते शेजारणीकडे दिलं.

शेजारीण शाळेत धडा वाचावा तशी मोठ्याने वाचू लागली. "स्वयंपाकघरात, पहिल्यांदाच, पाऊल ठेवणाऱ्यांसाठी."

नार्व्यातली निम्मी लग्नं ज्यांनी जेवू घातली त्या बाईंसमोर ही लाल पट्टी होती. मला तेव्हा प्रथमच आठवलं, की वझ्यात जे जातं ते मुलीला जात नाही. ते सासूबाईंना जातं. हे कोरगावातलं शेंबडं पोरदेखील सांगेल.

"आंत बरयलां," आत लिहिलेलं बघून शेजारीण म्हणाली, आणि कुणी काही बोलायच्या आत तिने पान उलटलं. "अजून वेळ गेलेली नाही."

"कसली?" व्याही म्हणाले.

"मन लावून शीक. चुकलीस तरी घाबरू नकोस." शेजारीण विहीणबाईंकडे बघत बघत वाचत होती. मग तिचा आवाज जरा चढला. "तुझा हितचिंतक."

"कोणाचो?" व्याही खुर्चीतून पुढे झाले.

"तुझा," शेजारणीने बोट ठेवून दाखवलं.

चाळीस वर्षं झाली असतील त्यांच्या लग्नाला. विहीणबाईंना इतकं एकेरीत कुणी लिहिलं नसावं. कोपऱ्यातली एक बाई पदराचा बोळा तोंडात घालून हलत होती.

मी सांगायला तोंड उघडलं, की अहो, ते मुलीसाठी आहे. त्याच क्षणी बायकोने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की शब्द घशातच राहिले. आणि ते बरंच झालं. मुलीसाठी म्हटलं असतं तर आम्ही पोरीला काही शिकवलं नाही, हे वाड्यासमोर लेखी झालं असतं. मुलीसाठी नाही म्हटलं तर विहीणबाईंना काही येत नाही, हे लेखी होतंच. मुलगी दारात ओठ घट्ट मिटून उभी होती. ती हसू दाबतेय की रडू, ते मला कळेना. तिची एवढीच इच्छा होती की चवथीला एक पदार्थ हातून व्हावा, आणि मी त्या चुलीवर बादलीभर पाणी ओतून बसलो होतो.

विहीणबाईंनी पुस्तक हातात घेतलं. जड होतं, त्यांनी वजन बघितलं. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "वझ्यांतलें वांटचें पडटा."

त्या आत गेल्या आणि आदोळी घेऊन आल्या. आदोळी म्हणजे आमची विळी. पाटावर पाय ठेवून बसल्या आणि पुस्तक उभं धरून त्यांनी त्याची शिवण दोडक्याची शीर काढावी तशी उतरवली. पानं मोकळी झाली. मग वाटप सुरू झालं. प्रत्येक घराला नेवऱ्या, लाडू, नारळाची कवड आणि वर पाककृतींची एक चळत. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. भजी कुणाकडे गेली, भात कुणाकडे, पुरणपोळीचं अंग एका घरात आणि पुरण दुसऱ्या घरात. बायका ताटं घेऊन गंभीर चेहऱ्याने उठल्या आणि फाटकाबाहेर गेल्यावर जे हसल्या ते आम्हाला ओसरीवर ऐकू आलं.

हा अपमान होता की रीत, ते मला त्या दिवशी कळलं नाही, आजही सांगता येत नाही. विहीणबाईंच्या चेहऱ्यावर मटार सोलणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर असतं तितकंच होतं.

परतताना अस्नोड्यापर्यंत बायको रिकाम्या टोपल्या एकात एक घालत होती. पुलावर म्हणाली, "तुझा?"

"अगं, मला वाटलं..."

"पंचवीस वर्सा संसार केलंय तुमच्यावांगडा. माका कधी एका चिटोऱ्यार 'तुझा' म्हणून लिवक नाय."

मी गिअर बदलला.

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला.

"बाबा, घरात काय चाललंय माहितीय? इकडच्या आई कालपासून एकच बोलतात. कर."

"काय कर?"

"'तुज्या बापायन पुस्तक धाडलां न्ही? चवथीक तातूंतलें एक करून घाल पानांत. पळोवया, पुस्तकांत कितलें शिजता तें.' सगळ्या वाड्याला सांगून झालंय. लोक मला विचारतायत, काय करतेस गो, काय करतेस? आता बिघडलं ना, तर परत कधी मला चुलीकडे फिरकू देणार नाहीत. आणि ते बरोबरच असेल."

"मग कर की काहीतरी. पुस्तक आहे ना."

"कुठे आहे पुस्तक? आमच्या घरचा वाटा काय आलाय ठाऊक आहे? अनुक्रमणिका, सरबतं, आणि पंचामृताचं एक पान."

"मग पंचामृत कर. सोपं आहे. दूध, दही, तूप, मध, साखर."

"बाबा, ह्यात हिरव्या मिरच्या आहेत."

रविवारी सोप्यावर वाचलेलं कुठेतरी आठवलं. घाटावर पंचामृत म्हणतात ते वेगळंच. मिरच्या, शेंगदाणे, तीळ, चिंच, गूळ, खोबरं. पानात डाव्या बाजूला वाढतात. आमच्याकडे पंचामृत एकच, देवाला घालतात ते. पूजा झाली की तळहातावर तीर्थ म्हणून घेतो.

"आई ऐकूनच उठल्या," मुलगी म्हणाली. "म्हणाल्या, गणपतीच्या दोळ्यांत मिरसांग घालतली? शेजारच्या आजी तर देवाची क्षमा मागून गेल्या. मी किती वेळा सांगितलं, ते पूजेचं नाही, तोंडी लावायचं आहे. आता वाड्यात झालंय, की पेडण्याकडची सून देवाला मिरचीने न्हाऊ घालणार."

"मग दुसरं काही कर."

"दुसरं काही नाही. अनुक्रमणिका परतून घालू?" ती म्हणाली. "आणि बाबा, पान अर्धंच आहे. चिंचेचा कोळ उकळू द्या, इथे संपतं. पुढचं पान कुणाकडे गेलं ते शोधतेय."

पुढचे दोन दिवस आमच्या घरच्या गणपतीत गेले. आमचा दीड दिवसांचा. आरती म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर मिरच्याच येत होत्या. नार्व्यातला गणपती पाच दिवसांचा, आणि तिसऱ्या दिवशी आम्हाला जेवायला बोलावणं होतं. चवथीच्या पानात तो पदार्थ पडला का, पडला तर काय झालं, ह्याबद्दल मुलीने एका शब्दाने कळवलं नाही. फोन केला तर म्हणायची, "या, मग बघा." बायको म्हणाली, "बरा झाला असता तर सांगला असता."

नार्व्याला पोचलो तसे व्याही फाटकातूनच ओरडले, "येयात, हितचिंतक!" गावात माझं नाव पडलं होतं. फाटकाशी एक बाई पूजेची फुलं द्यायला आली होती, तिने मला आपादमस्तक न्याहाळलं.

गणपतीपुढे नमस्कार केला. माटोळीला, म्हणजे गणपतीवरच्या फळाफुलांच्या मांडवीला, टांगलेल्या सुपाऱ्या आणि काकड्या बघण्यात शक्य तितका वेळ काढला. मग पानावर बसलो. मी, व्याही, जावई, आणि एका बाजूला माझी बायको. विहीणबाई वाढत होत्या. भात, वरण, खतखतं, वड्याची आमटी, भजी. डावीकडे लोणचं. लोणच्याशेजारी एक चौकोनी, तपकिरी, तुपकट वडी पडली. वडीतून हिरव्या मिरचीचं एक टोक वर आलं होतं.

"हें कितें?" मी नार्व्याच्याच भाषेत विचारलं.

"पंचामृत," जावई खाली मान घालून म्हणाला.

पंचामृताची वडी मी कोणत्याही पुस्तकात वाचली नव्हती, अर्धवट झोपेतही. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात तुपाची वाटी. तिने सांगितलं ते असं, की पुढचं पान अखेर शेजारच्या आजींकडे सापडलं. त्यांनी ते नेवऱ्यांच्या डब्यात तळाला घातलं होतं. तेलाने अक्षरं पारदर्शक झाली होती आणि पानाचा आकडा आदोळीने गेला होता. आजींनी कुंपणापलीकडून वाचून दाखवलं: गूळ घालून घट्ट होईपर्यंत ढवळा, तूप लावलेल्या ताटात थापा, गार झाल्यावर वड्या पाडा. हिने ढवळलं, थापलं, वड्या पाडल्या. ती खोबऱ्याच्या वडीची शेपटी होती हे चवथीच्या दिवशी दुपारी कळलं, जेव्हा दुसरी एक शेजारीण खोबऱ्याच्या वडीचं डोकं घेऊन आली आणि पुढे काय करायचं विचारू लागली.

"मग चवथीला?" माझ्या बायकोने विचारलं. ती हे विचारायला कोरगावपासून थांबली होती.

"घातली पानात," मुलगी म्हणाली. "सगळ्यांच्या."

"आणि?"

मी वडी मोडली. ती सहज मोडली नाही. तोंडात घातली. आधी गूळ आला, मग चिंच, मग बराच वेळ काही नाही, मग मिरची. मला ती वाईट लागली असं मी म्हणणार नाही. मी बाप आहे. चिक्कीला ताप आल्यावर ती अशी लागेल.

"छान झालीय," मी म्हणालो.

"छान कसली?" विहीणबाई वरणाचं भांडं खाली ठेवत म्हणाल्या. "मीठ ना. गूळ चड. मिरसांगो शिजूंक नात. चवथीक असलीच केल्ली, आज परत तशीच केल्या."

बायको पानावरूनच ताठ झाली. व्याह्यांच्या घरी, भरल्या पंगतीत, मुलीला तिच्या आईबापांसमोर असं बोलणं. मीही घास तसाच धरून मुलीकडे पाहिलं. आता ती रडणार.

"मीठ तुमीच घातलां, आई," मुलगी म्हणाली. चार महिन्यांत तिची भाषा नार्व्याची झाली होती. "हांव घालपाक गेलें तर कुलेर तुमीच काडून घेतली."

"कुलेर काडली कारण तूं खडेमीठ घालतालीस."

"पुस्तकात खडेमीठच होतं."

"पुस्तक!" विहीणबाई म्हणाल्या. "पुस्तक गेलां चुलींत. मिरसांगो बारीक कातरूंक जाय आशिल्ल्यो."

"कातरल्यो कोणें?"

"तूं बोटां कापून घेतलीं आसतीं."

"मग कापूं दे. बोटां म्हजीं."

जावई पुढच्या वडीकडे न बघता भात कालवत होता. व्याही मला डोळ्यांनी काहीतरी सांगत होते, त्याचा अर्थ 'रोजचंच' असा असावा. मला एकदम ध्यानात आलं, की चार महिन्यांत ह्या घरात माझ्या मुलीला कुणी वाईट शब्द बोललं नव्हतं, आणि आज पहिल्यांदाच कुणीतरी तिला पदार्थात मीठ नाही म्हणालं होतं. बायकोच्या ते माझ्याही आधी ध्यानात आलं असावं, कारण ती पाठ सैल करून मुकाट जेवू लागली होती.

"फाल्यां परत करतलीं," विहीणबाईंनी उद्याचा बेत ठरवून टाकला. "मीठ तूं घाल. गूळ हांव सांगतां तितलोच. वडी नाका, पातळ करया."

"वडीच करतलें," मुलगी म्हणाली. "वाड्यांत सगळ्यांनी मागल्या. तुमचें खतखतें परत कोणें मागलें नाशिल्लें."

विहीणबाईंनी मुलीच्या हातातली तुपाची वाटी काढून तिथेच जमिनीवर ठेवली आणि तिला दंडाला धरून आत नेलं. खतखतं परत कुणी मागितलं आणि कुणी नाही, ह्याची घरवार चौकशी आतून ऐकू येऊ लागली. मधूनच एखादं भांडं वाजे. मधूनच दोघी एकदम बोलत. एकदा कुणीतरी हसलं. कोण ते कळलं नाही.

पंगतीत आम्ही तिघे आणि एका बाजूला माझी बायको. भातावर वरण पडलं होतं, तूप पडायचं राहिलं होतं. मणगणं, आमची चणाडाळीची खीर, अजून वाढलंच नव्हतं, आणि त्याचा नारळाच्या रसाचा वास आतून येत होता. व्याही एकदा खाकरले. कुणी बाहेर आलं नाही.

"व्याहीबाब," मी हळूच म्हणालो, "जरा बोलवा की कुणाला तरी."

"तुमी बोलवा," ते म्हणाले. "तुमी पाव्हणे."

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, तुपाच्या वाटीकडे पाहिलं. वाटी हाताच्या अंतरावर होती, पण जेवता जेवता उष्ट्या हाताने घेणार कशी? बोटांवरचं वरण वाळत चाललं होतं.